अकोटा 'नवा एरिया' नाही

सकाळी फिरायला निघाले होते. बडोद्यात विश्वामित्री नदीवरच्या अकोटा-दांडिया बाजार पुलावर एक गाडी थांबली, काच खाली झाली आणि निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी नदीत. म्हटलं, "अहो, नदी आहे ती." तर मराठीतच उत्तर आलं, "काकी, कसली नदी, गटार आहे. आणि जुनं-बिनं सगळं मांडवीकडे, हा तर नवा एरिया."

नवा एरिया! तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

मी चौथीत असताना बाबांनी कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये चवरी घेतलेल्या ब्राँझच्या बाईसमोर मला उभं केलं होतं. आठव्या शतकातली चामरधारिणी. म्हणाले, "नमस्कार कर. ही आपल्या नदीपलीकडची." मी म्हटलं, पलीकडे तर शेतं आहेत. "शेतांखाली गाव आहे," बाबा म्हणाले.

ते गाव म्हणजे अंकोट्टक. 812 सालच्या राष्ट्रकूट कर्कराजाच्या ताम्रपटात वटपद्रक नावाचं एक गाव दान दिलंय, अंकोट्टकाच्या चौऱ्यांशी गावांतलं एक. तो वटपद्रक म्हणजे आपलं बडोदं! म्हणजे आज ज्याला उपनगर म्हणता, त्याच्या पदरचं खेडं होतो आपण. रोमन घडणीच्या सुरईची मूठ निघालीये इथल्या मातीतून. 1951 च्या सुमारास 68 जैन ब्राँझमूर्ती सापडल्या त्याही इथेच. आणि हे सगळं इथे वसलं ते या पाण्याच्या काठी म्हणूनच ना?

पावागडावरून येते ही, पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताला जाते. भर शहरात मगरी पोसते. पाणी पसरायला तिची कोतरं होती, म्हणजे काठच्या घळी, ती आपण भरली, वर सोसायट्या बांधल्या. मग ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्या वर गेलं तेव्हा नदीलाच शिव्या. धोक्याची खूण 25 फुटांवर आहे हो! बरं, पाऊसही तसाच झाला होता, आजवा तलावाचं पाणीही होतं, मान्य. माझा फ्लॅटसुद्धा याच काठावर आहे, तेही मान्य. म्हणून तिला गटार म्हणायचं?

बाबा शेवटपर्यंत पूल ओलांडताना चपला काढल्यासारखे हळू चालायचे. त्या बाईला नमस्कार करायला लावलं त्यांनी, देवी नसूनही. मला तेव्हा कळलं नव्हतं. आज पुलावर उभी राहिले तेव्हा बाबांची फार आठवण आली.

राग आता उतरलाय थोडा. त्या मुलाचा हात धरून कोणी नेलंच नसेल तिथे. शाळेच्या पुस्तकात तरी कुठे आहे अंकोट्टक?

रविवारी नातवाला घेऊन म्युझियमला जातेय. आधी पुलावरून चालत, नदी दाखवत. कोणाची मुलं यायची असतील तर शनिवारपर्यंत कळवा. पिशवी खालच्या बाभळीत अडकलीये, संध्याकाळपर्यंत तिथेच होती.