मंगळवारी वेरूळ बंद असतं (आणि बरंच झालं)

आधीच कबूल करते, घोळ माझाच. मंगळवारी वेरूळ बंद असतं हे मला संभाजीनगरात पोचल्यावर, हॉटेलच्या काउंटरवर कळलं. (अजिंठा सोमवारी बंद, तेही लिहून ठेवा.) पुण्याहून एवढं लांब आलोय, सोबत आई, अख्खा दिवस मोकळा. आई म्हणाली, "मग गावच बघू की, गाव काय बंद असतं का?"

खरं सांगू, आपण पुणेकरांनी या शहराची पार धर्मशाळा करून टाकलीये. सकाळी वेरूळ, दुपारी देवगिरी, संध्याकाळी मकबऱ्यापुढे फोटो, रात्री नान खलिया, उरकलं! अरे पण हे तटबंदीचं शहर आहे, 52 दरवाजांचं म्हणतात. तट बराचसा गेलाय, पण दिल्ली दरवाजा, मकई, पैठण, रंगीन उभे आहेत. सगळ्यात भारी भडकल दरवाजा, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1612 मध्ये मुघलांना हरवल्यावर बांधलेला. शहरही त्यानेच 1610 ला वसवलं, खडकी नावाने. आई लगेच, "आपली खडकी? दापोडीच्या अलीकडची?" नाही गं आई. औरंगजेबाने नाव बदललं ते नंतर, आणि तटही त्याच्याच काळातला.

पण मी अडकले ती पाणचक्कीपाशी. लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात, आम्ही दोन तास होतो. लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांतून शहरात आणलंय, मग ते उंच भिंतीवर चढवून खाली सोडलंय आणि त्या धारेवर दळण दळायचं. ना पंप ना वीज, नुसता उतार आणि दाब! मलिक अंबरची नहर (म्हणजे पाण्याचा कालवा) याहून जुनी, तीही अशीच जमिनीखालून.

आई गप्प होती, मग म्हणाली, "अगं, आपल्या हौदाचंच की हे." तिचं माहेर सदाशिव पेठेतलं, हौदाजवळच. कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांनी आणलेलं पाणी, माणूस आत चालेल एवढं दगडी भुयार, पेठांतले हौद, शनिवारवाडा... अंबरची नहर त्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधीची. मला हे शाळेत कोणी एकत्र शिकवलं नाही बुवा. आपल्याकडे इतिहास म्हणजे कोण कोणाशी लढलं, प्यायला पाणी कुठून यायचं ते कोण विचारतंय!

दुसऱ्या दिवशी वेरूळ अर्थातच झालं. कैलासबद्दल मी काय लिहिणार, वरून खाली कोरत आणलेला अख्खा डोंगर आहे तो, जा आणि बघा. देवगिरीला आई अंधारीपर्यंत (किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता) नाही आली, हत्ती हौदाच्या काठावर बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कात्रजचं सांगत होती.

आता रविवारी तिला कात्रजच्या तळ्यावर न्यायचंय. जन्म पेठेत गेला, पण पाणी निघतं कुठून ते एकदाही बघितलं नाही म्हणते. कोण कोण येतंय? डबा घरून आणा.