अमावास्येची गळती

उद्यमबागेतील एका कारखान्यात हायड्रॉलिक पंप तपासण्याचा जो स्टँड आहे, तो अमावास्येच्या आगेमागे बंद पडतो, याविषयी तेथे मालकापासून चहा आणणाऱ्या पोऱ्यापर्यंत कोणाचेही दुमत नव्हते. मतभेद असलाच तर तो एवढाच होता, की नारळ एक फोडावा की दोन. बेळगावच्या कारखान्यांत अमावास्येला यंत्रांची पूजा होते, आणि ज्यांची रोजीरोटी यंत्रावर आहे त्यांनी महिन्यातून एकदा यंत्राला हार घालावा यात मला काहीच वावगे वाटत नाही. माझी अडचण निराळी होती. स्टँडला जोडलेल्या संगणकाच्या खोक्यात लिनक्स ही संगणकप्रणाली चालत होती, मी पोटासाठी लिनक्सचे डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण हाताळणारे प्रोग्रॅमचे भाग, दुरुस्त करतो, आणि लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या तीन कोटींहून अधिक ओळींत, ज्यांतल्या निम्म्याहून जास्त ड्रायव्हरांच्याच आहेत, चंद्राच्या कलेवर अवलंबून असलेला ड्रायव्हर माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

खोक्यातल्या नोंदी काढून पाहिल्या तेव्हा बंद पडण्याचे तात्कालिक कारण सापडले. मेमरी संपत होती. मेमरी अगदीच संपली की कर्नल हातावर हात धरून बसत नाही. चालू प्रोग्रॅमांपैकी सर्वांत जास्त जागा अडवून बसलेला कोण ते पाहून त्याला ठार करतो. आता ड्रायव्हरने हडप केलेली मेमरी कोणत्याही प्रोग्रॅमच्या खात्यावर पडत नाही, कारण ड्रायव्हर हा कर्नलचाच घटक असतो. त्यामुळे पंपाचा दाब मोजणारा जो बिचारा एकमेव मोठा प्रोग्रॅम तेथे होता, तोच दर वेळी मारला जाई. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात त्याची इतकी तंतोतंत अंमलबजावणी मी अन्यत्र पाहिलेली नाही.

हे सर्व मी फोरमनमामांना सांगितले. त्यांनी ते पानात चुना लावता लावता शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, परोग्राम बंद करून पुन्यांदा चालू केला तर फरक पडत न्हाई. नारळ फोडला की महिनाभर बघायला नको. आता तुम्हीच सांगा, खरं कशाला मानायचं?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला, कारण निरीक्षण म्हणून त्यांचे म्हणणे निर्दोष होते. प्रोग्रॅम पुन्हा चालू केल्याने कर्नलमध्ये अडकलेली मेमरी सुटत नाही. नारळ फोडल्याने मात्र सुटत होती. पुढच्या अमावास्येला मी मुद्दाम पूजेला हजर राहिलो, आणि तेव्हा लक्षात आले, की ओल्या फडक्याने यंत्र पुसताना कोणाला शॉक बसू नये म्हणून मामा प्रथम मेन स्विच पाडतात, मग हळदकुंकू, मग हार, मग उदबत्ती, मग नारळ, आणि पेढे वाटून झाल्यावर मेन पुन्हा वर. म्हणजे खोके बंद होऊन नव्याने सुरू होत होते आणि मेमरीची पाटी कोरी होत होती. नारळाचा गुण येत होता यात शंका नाही. फक्त तो नारळाच्या आधी येऊन बसलेला असे.

राहता राहिला प्रश्न, मेमरी जाते कोठे. यासाठी कर्नलमध्ये केमेमलीक नावाची सोय २००९ पासून आहे. ड्रायव्हरने मागून घेतलेल्या प्रत्येक तुकड्याची ती नोंद ठेवते आणि सहसा दर दहा मिनिटांनी सगळी मेमरी चाळून पाहते, की या तुकड्याचा पत्ता अजून कोणाजवळ तरी लिहिलेला आहे का. ज्याचा पत्ता कोणाकडेच उरलेला नाही तो परत करणेही कोणाला शक्य नाही, तेव्हा तो गळाला असे समजायचे. मामांना हे मी देवळातल्या भांड्यांवरून समजावले. खानापूर भागातल्या त्यांच्या गावी लग्नकार्याला देवस्थानाची पातेली आणि पराती नेतात, वहीत नाव लिहितात आणि कार्य उरकले की घासून परत आणून देतात. येथे कार्य उरकत होते, मांडव उतरत होता, पण पातेली परसात तशीच पडून राहत होती आणि वहीत नाव लिहिणारा माणूसच गाव सोडून गेला होता. "मग तसं सांगा की," मामा म्हणाले, "मेमरी मेमरी काय करालायसा." त्या दिवसापासून त्यांनी माझ्या कामाची चौकशी "परात घावली काय?" एवढ्याच शब्दांत केली.

केमेमलीकने बोट दाखवले ते दाबमापकाच्या यूएसबी ड्रायव्हरकडे. यूएसबीचे उपकरण जोडले की कर्नल ड्रायव्हरचे प्रोब नावाचे फंक्शन बोलावतो आणि काढले की डिस्कनेक्ट नावाचे. हा ड्रायव्हर प्रोबमध्ये प्रत्येकी ६४ केबीचे आठ बफर (मेमरीचे तुकडे) मागून घेई, म्हणजे ५१२ केबी, आणि डिस्कनेक्टमध्ये काहीच परत करत नसे. दोष स्वच्छ दिसत होता, पण त्याने कोडे सुटत नव्हते, कारण दाबमापक स्टँडला कायमचा जोडलेला होता आणि त्याची केबल काढण्याचे कोणालाच काही कारण नव्हते. तसे निदान मालक सांगत होते. प्रत्यक्षात खोक्याला यूएसबीची दोनच भोके होती, एकात बारकोडचा स्कॅनर, दुसऱ्यात दाबमापक, आणि त्या संपूर्ण शेडमध्ये मोबाइल चार्ज करायला दुसरी जागा नव्हती. पंप उतरवून नवा चढवेपर्यंत जो वेळ मिळे, त्यात ज्याचा मोबाइल मरणाच्या दारात असेल तो दाबमापकाची केबल काढून आपली लावी.

मग गणित मांडले. दिवसाकाठी सरासरी दहा वेळा केबल निघत असेल तर सुमारे ५ एमबी गळणार. खोक्यात मोकळी मेमरी सुमारे १५० एमबी. दीडशेला पाचाने भागले की तीस दिवस येतात, आणि चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असतो. हा मेळ योगायोगाचा खरा, पण दर महिन्याला तो जमून कसा येई? कारण गळतीची मोजणी प्रत्येक वेळी अमावास्येलाच शून्यापासून सुरू होत होती. स्टँड या अमावास्येला अडकतो, कारण मागच्या अमावास्येला नारळ फोडला होता. नारळ पौर्णिमेला फोडत असते तर स्टँडने पौर्णिमा धरली असती. हे मी मामांना फार उत्साहाने सांगितले आणि त्यांनी ते पूजेच्या सामर्थ्याचा आणखी एक पुरावा म्हणून स्वीकारले.

पावसाळ्यात मात्र हे वेळापत्रक बिघडे आणि स्टँड चार-पाच दिवस आधीच अडके. खानापूरकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको, की आषाढात तिकडच्या गावांतून वीज गेली की ती केव्हा येईल हे आकाशालाही ठाऊक नसते. तेव्हा तिकडून येणारी मंडळी रिकामे मोबाइल घेऊन येत आणि केबल दिवसात दहाऐवजी बारा वेळा निघे. आषाढात पूजेला सोवळे नीट पाळले जात नाही, असे मामांचे स्पष्टीकरण होते.

आता एखाद्याला वाटेल, की डिस्कनेक्टमध्ये केफ्रीची, म्हणजे मेमरी परत करण्याची, ओळ घातली की काम झाले. मेमरीच्या दुरुस्तीत हाच खरा ताप आहे. वस्तू परत करायची राहिली तर गळती होते, आणि परत केल्यावरही कोणी ती वापरत राहिला तर त्याहून वाईट काहीतरी होते. केबल ओढली जाते त्या क्षणी दाब मोजणाऱ्या प्रोग्रॅमने उपकरणाची फाइल उघडून ठेवलेली असते. आपण बफर परत केले, की पुढच्याच क्षणी तो प्रोग्रॅम वाचायला येतो आणि जी जागा एव्हाना दुसऱ्याला देऊन झाली आहे तेथे हात घालतो. गळतीने स्टँड महिन्याने बंद पडत होता. या दुरुस्तीने तो त्याच संध्याकाळी पडला असता, आणि कदाचित पडण्याआधी पंपाचा दाब म्हणून भलताच आकडा दाखवून गेला असता.

ड्रायव्हरचा इतिहास काढला तेव्हा कळले, की हे आधी होऊन गेलेले आहे. मूळ लेखकाने डिस्कनेक्टमध्ये केफ्री लिहिलेली होती. काही वर्षांनी कोणाची तरी यंत्रणा केबल काढताना कोसळली, तेव्हा दुसऱ्या एका सद्गृहस्थाने केफ्रीच काढून टाकली आणि टिपणात लिहिले, की आता कोसळत नाही. त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. आमच्या व्यवसायात निम्मे दोष हे कोणाच्या तरी यशस्वी दुरुस्त्या असतात, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

बरोबर उपाय म्हणजे बफर अजून किती जणांना हवे आहेत याची मोजणी ठेवणे. उपकरण जोडले की आकडा एक, फाइल उघडली की दोन. केबल काढली की एक वजा, फाइल मिटली की एक वजा. आणि जो शून्यावर आणील त्याने परत करायचे. कर्नलमध्ये यासाठी केरेफ नावाची तयार सोय आहे. शिवाय केबल निघून गेल्यावर वाचायला येणाऱ्याला उपकरण नाही असे सभ्यपणे सांगून परत पाठवावे लागते, आणि ते सांगत असतानाच केबल निघाली तर काय, यासाठी कुलूप लावावे लागते. डेव्हएम नावाची एक आणखी मोहक सोय २००७ पासून आहे; तिच्या हवाली केलेली मेमरी ड्रायव्हर सुटला की आपोआप परत जाते आणि लिहिणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. येथे ती वापरावी असा सल्ला मला दोघांनी दिला. केबल काढताच आपोआप परत होणे हाच मुळात आजार होता, हे दोघांनाही समजावून सांगण्यात एक संध्याकाळ गेली.

चाचणी टिळकवाडीत, घरच्या टेबलावर. येथे मी केसॅन लावलेला कर्नल चालवला. २०१५ साली कर्नलमध्ये आलेली ही सोय मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट राखून ठेवते आणि त्यात त्या जागेला हात लावायची परवानगी आहे की नाही हे लिहिते; यंत्र त्यामुळे रडतखडत चालते, पण परत केलेल्या जागेत कोणी बोट घातले की तत्काळ बोंब मारते. सोबतीला मोकळ्या केलेल्या जागेत ६बी हा सोळाच्या पद्धतीतला आकडा भरून ठेवण्याची सोय चालू केली, म्हणजे कोठेही ६बी६बी६बी६बी दिसले की समजायचे, हा माणूस भूतकाळात वाचत बसला आहे. मग प्रोग्रॅम चालू ठेवून केबल काढायची, घालायची, वाचन चालू असताना काढायची, फाइल मिटताना काढायची, घालता घालता काढायची. आईने हे बराच वेळ दारातून पाहिले आणि विचारले, "अरे, नीट बसत न्हाई काय ते? दे बघू हिकडं." दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या काकूंना सांगितले, की मुलगा रात्रभर एक वायर लावत होता आणि शेवटपर्यंत लागली नाही.

डिस्कनेक्ट दुरुस्त करताना प्रोबमध्येही नजर गेली, आणि ती जाऊ नये. आठ बफरांपैकी सहावा मिळाला नाही तर ड्रायव्हर चूक झाल्याचा निरोप देऊन निघून जाई आणि आधीचे पाच तसेच सोडून देई. सगळे सुरळीत चालण्याची वाट लोक काळजीने लिहितात, कारण ती रोज चालली जाते. बिनसल्यावर परतण्याची वाट घाईत लिहिली जाते आणि तिच्यावरून वर्षानुवर्षे कोणी जात नाही. कर्नलमध्ये ही परतीची वाट गोटूने, म्हणजे थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायच्या आज्ञेने, बांधतात. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी गोटू घातक असल्याचे सांगितल्यापासून कॉलेजांतून तो लिहिणाऱ्याचे गुण कापण्याची प्रथा पडली आहे, आणि कर्नलमध्ये नेमका तोच सभ्यपणाचा मार्ग मानला जातो: मागितले त्याच्या उलट्या क्रमाने परत करत, एकेक पायरी उतरत खाली यायचे.

अखेर पॅच, म्हणजे दुरुस्तीचा बदल, तयार झाला. अकरा ओळी घातल्या, तीन काढल्या. या चौदा ओळींसाठी जे निवेदन लिहावे लागले ते तिप्पट लांबीचे होते, कारण दोष कसा होतो, केव्हा होतो, आणि कोणत्या बदलाने आत आला हे सांगावे लागते. त्या जुन्या बदलाच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरेही फिक्सेस या मथळ्याखाली द्यावी लागतात. मी त्या सद्गृहस्थांचा बदल तेथे नोंदवला. मोबाइल आणि अमावास्या यांचा उल्लेख गाळून, उपकरण वारंवार काढघाल होणाऱ्या औद्योगिक परिस्थितीत असे शब्द घातले. कर्नलची देखभाल करणाऱ्यांनी पहिल्यांदा मथळ्यातला शब्दक्रम बदलायला सांगितला, दुसऱ्यांदा कुलूप एक ओळ वर घ्यायला सांगितले, आणि तिसऱ्यांदा अशी विचारणा केली, की व्यवहारात ही केबल इतक्या वेळा कोण काढतो.

पॅच स्वीकारला गेला त्या आठवड्यात मी तो खोक्यात घालायला उद्यमबागेत गेलो. शेडच्या भिंतीवर सहा भोकांचा एक नवा चार्जिंग बोर्ड ठोकलेला होता आणि त्यावर सहा मोबाइल लोंबत होते. मामांनी तो माझ्याच निदानावरून आणि स्वतःच्या पदरच्या अडीचशे रुपयांत बसवला होता. दाबमापकाच्या केबलला त्यानंतर कोणी हात लावलेला नव्हता. "तुमचं बी घाला की," मामा उदार मनाने म्हणाले, "असू दे आत."

मी घातले. मालकांनी बिल हातात घेऊन बराच वेळ वाचले. काम नेमके किती झाले असे त्यांनी विचारले, तेव्हा मी खरे ते सांगितले, अकरा ओळी घातल्या आणि तीन काढल्या. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अकरा घातल्यासा ते ठीक हाय. त्या तीन काढल्यासा, त्याचं वजा केलंय न्हवं?"