जरा मागं घ्या!

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी बाळगणाऱ्या माणसानं रविवारी सकाळी बॉनेट उघडू नये. निदान पुण्यात तरी नये. बॉनेट वर गेलं की पाचव्या मिनिटाला पार्किंगमध्ये सभा भरते, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेला कधीच न होणारा कोरम इथे आपोआप होतो.

गाडीचा पिकअप गेला होता. दुखणं टायमिंगचं, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याच्या वेळेचं, यावर सभेचं एकमत. ते पुढं गेलंय की मागं पडलंय, यावर मात्र दोन तट. मी गुपचूप व्हॅक्यूम गेज काढला. आयडलिंगला, गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटलची हवेची झडप जवळजवळ बंद, आणि खाली जाणारा पिस्टन तर हवा ओढतोय. त्यामुळे हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये जी पोकळी होते ती पाऱ्याच्या इंचांत मोजायची. ठणठणीत इंजिनाचा काटा 17 ते 21 च्या दरम्यान गप्प उभा राहतो. ठरावीक लयीत झुकायला लागला तर व्हॉल्व्हची शंका घ्यायची. हलत नाही, पण खालीच बसलाय, तर बहुधा टायमिंग मागं.

आमचा काटा 14 वर बसला होता.

"गेलं इंजिन," पहिल्या मजल्यावरचे काका प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले.

मी म्हटलं, "काका, पुणं समुद्रसपाटीपासून 560 मीटर उंच. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमीच दिसतो. म्हणजे जवळजवळ दोन इंच असेच माफ."

"मग मुंबईला नेली की बरी होईल?"

गाडीचा जन्म कुर्ल्याचा. तिच्यासमोर हे बोलायला नको होतं.

दोन इंच माफ करूनही हिशेब 16 वरच येत होता. म्हणजे टायमिंग मागं. पण आधी पॉइंटची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्विचची, गॅप बघणं भाग, कारण गॅप बदलली की टायमिंगही सरकतं. मी गॅप मोजायचा फिलर गेज काढताच कुणीतरी म्हणालं, "त्याला हॅकसॉ ब्लेडचा तुकडा पुरतो!" दुसऱ्यानं व्हिजिटिंग कार्ड काढून दिलं. विम्याचं होतं.

मग डेल्कोचा, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, क्लॅम्प ढिला केला. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे तो एक अंश हलवला की टायमिंग दोन अंश बदलतं. हात चहा प्यायलेला नसलेला बरा. केसभर फिरवलं, काटा 15. आणखी केसभर, 16. सभा ओरडू लागली, "अजून! अजून!" काटा 17 च्या पुढं गेला, इंजिन गोड बोलू लागलं, आणि मी डेल्को उलटा फिरवून काटा इंचभर खाली आणला. सगळीकडे हळहळ. "अहो, मिळालेलं इन्क्रिमेंट कुणी परत करतं का?" काकांनी विचारलं. नुसत्या आयडलिंगवर खूश झालेलं टायमिंग लोड आला की नॉकिंग करतं, इंजिनात ठोके वाजू लागतात, हे मी सांगितलं, पण तोवर माझी पत संपली होती.

खात्रीसाठी ठिणगीच्या तालावर लुकलुकणारा स्ट्रोब लाइट लावला. भर उन्हात पुलीवरची खूण दिसेना, म्हणून छत्री मागवली. स्ट्रोबमध्ये गरगर फिरणारी पुली थांबल्यासारखी दिसते. काका म्हणाले, "अरे, ही तर बंदच आहे!" आणि खात्री करायला बोट पुढं केलं. ते मनगट धरण्याइतकं अचूक टायमिंग मला त्या दिवशी दुसरं जमलं नाही.

शेवटची परीक्षा कात्रजच्या घाटात. टॉप गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबायचा आणि ऐकायचं. शेजारी बायको.

"काही वाजलं की सांग."

"काय वाजायला हवंय?"

"वाजायला नकोच आहे. म्हणजे अगदी किंचित वाजून लगेच थांबलं तर उत्तम."

तिनं इमानेइतबारे ऐकलं. दाराचा खुळखुळा, डिकीतला जॅक, स्वतःच्या बांगड्या, सगळं क्रमानं कळवलं. "आणि इंजिन?" मी विचारलं.

"तुम्ही पाच मिनिटं गप्प बसलात तर ऐकू येईल ना!"