३० वर्षांची पद्मिनी व्हिंटेज होत नाही आणि लांबीखालचा गंज थांबत नाही

सांगली-साताऱ्याकडच्या गाडीवेड्यांमध्ये गेले काही आठवडे एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ३० वर्षं जुनी कुठलीही गाडी सरकारदरबारी व्हिंटेज ठरते. व्हिंटेज नंबर मिळाला की टॅक्स, विमा, पीयूसी काही लागत नाही, रोज वापरा. जुनं इंजिन त्रास देत असेल तर मारुतीचं बसवा. पुरात बसलेली गाडी स्वस्तात मिळते, आठवडाभर उन्हात वाळवली की झालं. गंज दिसला तर लांबी (पत्र्यावरचा खड्डा बुजवायची पुट्टी) भरून वर रंग मारा. ब्रेक ऑइल नसेल तर इंजिन ऑइल चालतं. २ लाख घाला, ५ वर्षांत २० लाख घ्या. खाली सही काय, तर 'एका अनुभवी मेकॅनिकचा सल्ला'.

तासगावचा माझा भाचा हे वाचून १९८६ च्या प्रीमियर पद्मिनी गाडीला टोकन द्यायला निघाला होता. फोनवर मलाच समजावत होता, "मामा, व्हिंटेज आहे, काही टेन्शन नाही." म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी 'व्हिंटेज'चं बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आणले. कुणालाही वाचता येतात, मेसेज लिहिणाऱ्यानं वाचलेले नाहीत. नियम म्हणतो, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा खासगी चारचाकी. तीस नव्हे, पन्नास. फियाट ११०० ला पद्मिनी हे नाव लागलं १९७४ च्या सुमारास आणि ती बनत राहिली २००० च्या सुमारापर्यंत. म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पद्मिनी या व्याख्येत बसतच नाहीत. भाच्याच्या १९८६ च्या गाडीला २०३६ उजाडावं लागेल.

समजा गाडी खरोखर पन्नाशीची आहे. तरी रोज वापरायची परवानगी नाहीच. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, त्यासाठीची ये-जा, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. धंद्यासाठी तर मुळीच नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. आणि विमा लागत नाही म्हणे! नोंदणीचा अर्ज करतानाच विम्याची पॉलिसी जोडावी लागते. जुनं आरसी बुक असेल तर मूळ नंबर कायम ठेवता येतो. खऱ्या हौशी माणसाला ज्याचं अप्रूप वाटेल ती ही एकच गोष्ट, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

मारुतीच्या इंजिनाचा सल्ला तर मेसेजच्याच पहिल्या वाक्याला छेद देतो. गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसिस (खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको, हे त्याच नियमात लिहिलंय. इंजिन बदललंत की व्हिंटेजचा विषय संपला. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं, म्हणजे बदलाला आरटीओची मंजुरी घेण्याचं काम मागे लागणार.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. '१५ वर्षांनी गाडी भंगारात द्यावीच लागते हे खोटं आहे' असं मेसेजमध्ये एक वाक्य आहे, आणि ते आपल्याकडे बरोबर आहे. दिल्लीची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात खासगी गाडी आरटीओत तपासून घेतली, पर्यावरण कर भरला, की ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. १९८६ ची पद्मिनी वापरायची असेल तर रस्ता हाच आहे, सरळ एमएच १० च्या, म्हणजे सांगली आरटीओच्या ऑफिसात जाऊन. पण तिथे गाडी पास व्हावी लागते, आणि पास होण्यासाठी पत्रा शाबूत लागतो.

आता गंजाकडे येतो. या मेसेजमुळे कुणाचा जीव जाणार असेल तर तो याच सल्ल्यानं किंवा ब्रेकच्या सल्ल्यानं जाईल.

जुन्या जीपला खाली वेगळी चॅसिस असते, बॉडी तिच्यावर बसवलेली. फियाटचं तसं नाही. फियाटची बॉडी हीच तिची चॅसिस. दाराखालचा फूटबोर्ड, खालचा फ्लोअर, पुढच्या सस्पेन्शनजवळचा पत्रा, या सगळ्यांनी मिळून गाडीचा भार पेललेला असतो. फूटबोर्ड वरून एक पट्टी दिसते, पण ती आतून पोकळ पेटी आहे. पाणी दाराच्या काचेतून आत झिरपतं, खालच्या भोकांतून निघून जायला हवं. भोकं मातीनं बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेर रंगाला फोड दिसायला लागेपर्यंत आतला पत्रा चाळण झालेला असतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात बरीच वर्षं उघड्यावर राहिलेली गाडी असेल तर हे धरूनच चालायचं.

अशा ठिकाणी लांबी भरली की काय होतं? लांबीला ताकद शून्य. ती खड्डा सपाट दिसावा म्हणून असते, भार घेण्यासाठी नाही. शिवाय ती ओल धरते, म्हणजे खालचा गंज जोमानं चालू राहतो. रंग चकचकीत, आणि धडक बसली की फूटबोर्ड खोक्यासारखा मिटणार, दार आतल्या माणसाच्या अंगावर येणार. सडलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा, त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगनं जोडायचा, आतून गंजरोधक मारायचं, पाण्याची भोकं मोकळी ठेवायची. दुसरा मार्ग नाही. लांबी सगळ्यात शेवटी, कागदासारखी पातळ.

गाडी बघायला जाताना एक चुंबक आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. चुंबक फडक्यात गुंडाळून फूटबोर्डवर, चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे जाड लांबी आहे. मालकाची परवानगी घेऊन खालच्या बाजूनं स्क्रू ड्रायव्हर टोचा; आत घुसला तर पत्रा सडलाय. मग एका बाजूनं जॅकवर उचलून दार उघडझाप करून बघा. आधी नीट लागणारं दार अडकायला लागलं तर बॉडी वाकतेय. तिथून निघून यायचं, रंग कितीही देखणा असो.

पुरातल्या गाडीचं याहून वाईट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. ज्यांनी घरं धुतली त्यांना माहीत आहे, तो गाळ पाण्यासारखा निघून जात नाही. फूटबोर्डच्या पोकळीत, ब्रेक ड्रममध्ये, वायरिंगच्या जोडांत तो बसतो आणि ओल धरून ठेवतो. उन्हात वाळतो तो सीटवरचा कपडा. पूर पाहिलेल्या आपल्याच माणसांना 'वाळवली की झालं' असं सांगायचं, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. अशी गाडी घ्यायचीच असेल तर सीट, वायरिंग, ब्रेक सगळं उतरवायची तयारी ठेवूनच घ्या. आणि इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी नाही याची खात्री होईपर्यंत स्टार्टर मारू नका.

ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल: कधीही नाही, थेंबभरसुद्धा नाही. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरमधले रबर कप ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात. पेट्रोलियमचं तेल लागलं की ते फुगतात, मऊ पडतात, मग ब्रेक जाम तरी होतात किंवा गळतात. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना ब्रेकची एकच लाइन असे. एका ठिकाणी गळलं की चारही चाकांचे ब्रेक गेले. पसरणी घाट उतरताना हे झालं तर काय होईल, ते वाई-पाचगणीच्या माणसाला सांगायला नको. चुकून टाकलंच असेल तर नुसतं काढून भागत नाही, सगळे रबर कप आणि होज पाइप बदलावे लागतात.

२ लाखांचे २० लाख, याला कुठलाही आधार दिलेला नाही. पद्मिनी हजारोंनी बनली, ती दुर्मीळ नाही. किंमत येते ती शाबूत मूळ पत्र्याला, मूळ इंजिनाला आणि सलग कागदपत्रांना, आणि मेसेज नेमक्या याच तिन्ही गोष्टींची वाट लावायला सांगतो. हौस म्हणून करा. आपल्या भागात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग करणारे चांगले हात आहेत, कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ आहे, इंजिन उभं राहतं. वेळ आणि पैसा खातो तो पत्रा.

भाच्यानं टोकन थांबवलंय, आधी गाडी जॅकवर बघायची असं ठरलंय. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यांना एकच विनंती: बाकीचं राहू दे, ब्रेक ऑइलचं आणि लांबीचं चुकीचं आहे, एवढं तरी जिथे जिथे पाठवलात तिथे आजच लिहा.