आधी अडा, मग हत्यार घ्या

फ्लाय टाइंगच्या नादाला नव्याने लागलेला माणूस पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो, "कोणतं टूल किट घेऊ?" माझ्या उत्तराने बरेच जण हिरमुसतात. किट घेऊच नका. एक बरा व्हाइस, एक टोकदार कात्री, एक चांगलं बॉबिन घ्या आणि बांधायला बसा. बाकीचं अडेल तेव्हा बघू.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गळावर दोऱ्याने पिसं, केस, लोकर, तार बांधून किड्यासारखं किंवा छोट्या माशासारखं आमिष बनवायचं, त्याला फ्लाय म्हणतात. गळ व्हाइसच्या जबड्यात धरायचा. दोऱ्याचं रीळ बॉबिनमध्ये बसवून लोंबतं ठेवायचं, म्हणजे हात काढला तरी त्याच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो. खरं तर एवढ्यावर भागतं. अमेरिकेतले मासेमार ली वुल्फ तर व्हाइससुद्धा न वापरता, गळ बोटांत धरून फ्लाय बांधत. तेवढं माझ्याच्याने होणार नाही.

किटबद्दल माझी तक्रार स्वस्त-महागाची नाही. किटमधल्या निम्म्या वस्तू म्हणजे अजून आलेल्याच नसलेल्या अडचणींवरचे उपाय असतात. अडचण अंगावर आली की नेमकं काय हवं ते कळतं, आणि मग ते बहुतेक वेळा टेबलाच्या खणातच पडलेलं सापडतं.

दाभणच घ्या. गळाच्या नेढ्यात गेलेलं वार्निश काढायला, चुकून दोऱ्याखाली दबलेले तंतू सोडवायला, फ्लायच्या डोक्यावर, म्हणजे नेढ्यामागच्या शेवटच्या वेढ्यांवर, सिमेंटचा (गाठ पक्की करणाऱ्या वार्निशचा) एक थेंब ठेवायला ते सतत लागतं. जाड सुई पेन्सिलीच्या तुकड्यात घट्ट बसवली की झालं दाभण. पेन्सिल सहा कडांचीच घ्यावी. गोल मुठीचं दाभण टेबलावरून गडगडतं आणि पडताना नेमकं पायावर टोक करून पडतं. सुईवर वाळलेलं वार्निश खरवडत बसायचं नसेल तर एका डबीत स्टील वूल कोंबून ठेवा आणि सुई त्यात दोन-चारदा खुपसा.

अर्धगाठ मारायला रिफिल काढलेलं बॉलपेन पुरतं. निमुळत्या टोकावर दोऱ्याचा वेढा घ्यायचा, टोकाचं भोक नेढ्यावर टेकवायचं आणि वेढा पुढे सरकवायचा.

केसांचं प्रकरण मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. हरणाच्या किंवा एल्कच्या केसात हवेचे कप्पे असतात, म्हणून ते तरंगतात आणि दोरा आवळला की फुलारून उभे राहतात. त्यांची टोकं एका रेषेत आणायची तर नळीत टोकं खाली करून केस घालायचे आणि नळी टेबलावर ठोकायची. यासाठी हेअर स्टॅकर मिळतो. लोक लिपस्टिकची रिकामी नळी, जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी, बंदुकीच्या गोळीचं रिकामं पितळी काडतूससुद्धा वापरतात. आत गुळगुळीत, बूड सपाट आणि केस मोकळे पडतील एवढी रुंदी, एवढंच बघायचं. आणि तरीही टोकं जुळत नाहीत अशी ओरड असते! दोष नळीचा नसतोच. केसांच्या मुळाशी मऊ लव असते, ती आधी विंचरून काढली नाही तर जगातला सगळ्यात महागडा स्टॅकरही काही करू शकत नाही. पापण्यांचा बारीक कंगवा किंवा जुना टूथब्रश यासाठी उत्तम. म्हणजे अडलं होतं कंगव्यावाचून आणि माणूस नळ्या बदलत बसला होता. मी म्हणतो ते हेच.

वेलक्रोची आकड्यांची बाजू आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवा, डबिंग, म्हणजे दोऱ्याला पिळून गळावर गुंडाळलेले लव-लोकरीचे तंतू, पिंजायला त्याच्याइतकं सौम्य काही नाही. सुईने पिंजताना दोरा तुटायची भीती असते, यात ती नाही. हॅकल प्लायर्स, म्हणजे पीस धरून गळाभोवती गुंडाळायचा चिमटा, पीस निसटू देत असतील किंवा कापत असतील तर जबड्यांवर इलेक्ट्रिशियन वापरतात ती, गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची स्प्रिंगची टेस्ट क्लिप तर मला विकतच्या पुष्कळ प्लायर्सपेक्षा सरस वाटते. रंगीत डबिंग एकत्र करायला कॉफी ग्राइंडर चालतो, पण आखूड तंतूंसाठीच. लांब तंतू पात्याच्या दांड्याला गुंडाळून बसतात. आणि या ग्राइंडरमध्ये आता कॉफी दळायची नाही, हे घरातल्यांच्या कानावर वेळीच घालावं.

आता जुगाडाच्या भक्तांना न आवडणारं. बॉबिन घरी बनवू नका. पेनची किंवा कुठलीतरी धातूची नळी तारेला अडकवून बनवलेली बॉबिनं मी पाहिली आहेत. दोरा ज्या नळीतून बाहेर येतो तिच्या काठावर डोळ्यांना न दिसणारी खरखर असते आणि ऐन ताणाच्या क्षणी दोरा तिथेच तुटतो. चांगल्या बॉबिनला सिरॅमिकची नळी असते ती उगाच नाही. काठावरून कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकले तर ते बॉबिन बाजूला ठेवा. कात्रीचंही तसंच. घरातली कोणतीही चालेल म्हणणाऱ्याने अजून नेढ्याजवळचे दोन तंतू कापलेले नसतात. मात्र तार कापायला जुनी कात्री ठेवा, चांगलीची टोकं त्यात घालवू नका.

या धंद्यात उसनं साहित्य मुळापासूनच आहे. इंग्लंडमध्ये 1496 साली छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या लेखनात गळ घरीच कसे करायचे ते सांगितलंय: भरतकामाच्या, शिंप्याच्या सुया आणि मोच्याची आरी विस्तवात लाल करून वाकवायच्या. विसाव्या शतकात विल्टशरमधल्या एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांना चटकन बुडणारा निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अपक्व किड्यासारखी फ्लाय, हवा होता. त्यांनी दोराच सोडून दिला आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू बारीक तांब्याच्या तारेने बांधले. बांधणीही तीच, वजनही तेच, रंगही तोच. याला म्हणतात अडणं आणि सुचणं.

त्याच सॉयर यांचा ग्रेलिंग माशासाठीचा किलर बग, म्हणजे आणखी एक फ्लाय, चॅडविक्स 477 नावाच्या लोकरीचा. ही लोकर मोजे रफू करायची. पुढे तिचं उत्पादन बंद झालं आणि आता हौशी मंडळी ती लोकर गुंडाळलेली मूळ कार्डं शोधत फिरतात, सापडलं तर जपून ठेवतात! मला याची गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो. सॉयर यांनी हाताशी होतं ते उचललं. आपण त्यांच्या हाताशी काय होतं ते हुडकतोय.

हत्यारांइतकीच महत्त्वाची असते सवय, आणि ती कुठल्या किटमध्ये येत नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबायचा असेल तर बांधायच्या आधी दाबावा. गळ कधीकधी त्याच वेळी तुटतो, मग बांधलेली फ्लाय हातात घेऊन हळहळत बसण्यात काय अर्थ? नेढ्यामागे थोडी जागा सक्तीने मोकळी सोडावी, नाहीतर डोकं बांधायला जागाच उरत नाही. कात्री खाली ठेवूच नये, एका कडीत बोट अडकवून तळव्यात मिटलेली राहू द्यावी. सुरुवातीला विचित्र वाटतं, नंतर कात्री खाली ठेवणारे विचित्र वाटू लागतात. उजव्या हाताने बांधत असाल तर लोंबतं बॉबिन वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, दोऱ्याचा पीळ सुटतो आणि तो चपटा बसतो. उलट, पीळ भरला की दोरा गोल, कडक होतो. एवढं एक कळलं तरी गळावरचे उंचवटे निम्म्याने कमी होतात.

तंतू चापून बसवायला बोटं जिभेला लावायची सवय पुष्कळांना असते. ती सोडा. पिसांना रंग असतो, कीड लागू नये म्हणून काही ना काही लावलेलं असतं. टेबलावर ओला स्पंज ठेवा.

शेवटची गाठ, म्हणजे व्हिप फिनिश, बोटांनीच मारावी असा माझा हट्ट आहे, आणि तो हट्टच आहे, त्यामागे तर्क फारसा नाही. ज्यांच्या बोटांना दोरा अडकतो त्यांनी खुशाल हत्यार वापरावं. सायकलच्या स्पोकपासून बनवता येतं. फक्त आकडे पॉलिश पेपरने इतके घासा की रेशीमसुद्धा अडकणार नाही.

तुमच्या टेबलावर असं काही घरचं असेल तर फोटो टाका. लिपस्टिकची नळी सोडून, ती सगळ्यांकडे आहे.