प्रतिक्रियेला उत्तर: चूक झाली की बॅच थांबवावी का?

सप्रेम नमस्कार. पोस्टग्रेस या डेटाबेसवर रात्री चालणाऱ्या प्रत्येक एसक्यूएल फाइलीला ‘ऑन एरर स्टॉप’ (चूक होताच थांबण्याचा पर्याय) लावावेच, हा माझ्या लेखातला आग्रह आपल्याला अव्यवहार्य वाटला. एक क्वेरी चुकली म्हणून उरलेल्या तीस अहवालांचे काम का अडवायचे, चूक लॉगमध्ये उमटतेच, असे आपण लिहिले आहे.

चूक लॉगमध्ये उमटते हे खरे. परंतु लॉग माणूस सकाळी उघडतो, आणि पुढची पायरी चालवायची की नाही हे शेल स्क्रिप्ट रात्रीच ठरवून मोकळी होते. तिच्या हाती फक्त एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना परत करते तो आकडा, असतो: ० म्हणजे सगळे ठीक, दुसरे काहीही म्हणजे चूक. ‘ऑन एरर स्टॉप’ लावला नसेल तर पीएसक्यूएल (फाइल चालवणारा पोस्टग्रेसचा क्लायंट) चुकलेली क्वेरी मागे टाकून पुढे जाते आणि शेवटी ० परत करते. लावला असेल तर तिथेच थांबते आणि ३ परत करते.

माझा आग्रह एका अनुभवातून आला आहे. आमच्या फाइलीत तीन पायऱ्या होत्या: नवे दर सीएसव्हीतून तात्पुरत्या टेबलात भरणे, मूळ टेबलातले जुने दर पुसणे, आणि तात्पुरत्या टेबलातले दर मूळ टेबलात आणणे. एका रात्री सीएसव्ही पोहोचलीच नाही. पहिली पायरी फसली, दुसरी नीट चालली, आणि तिसरीने रिकाम्या टेबलातून शून्य ओळी आणल्या, ज्यात डेटाबेसच्या दृष्टीने काहीच चूक नव्हती. एरवी पीएसक्यूएल प्रत्येक क्वेरी लगेच कमिट करते, म्हणजे तिचा बदल कायम करते, त्यामुळे पुसलेले दर आम्हाला बॅकअपमधूनच परत आणावे लागले.

आपले अहवाल खरोखरच एकमेकांवर अवलंबून नसतील, तर ते एका फाइलीत ठेवू नयेत. प्रत्येकाची वेगळी फाइल करून शेलच्या लूपमधून चालवावी आणि प्रत्येकीचा कोड नोंदवावा. म्हणजे एक फसला तरी बाकीचे पूर्ण होतात आणि फसलेला कोणता हेही कळते.

‘सिंगल ट्रान्झॅक्शन’बद्दलचा (सगळी फाइल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे पूर्ण किंवा अजिबात नाही अशी, चालवणाऱ्या पर्यायाबद्दलचा) आपला आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. व्हॅक्यूम, क्रिएट डेटाबेस किंवा क्रिएट इंडेक्स कन्करंटली या कमांडी ट्रान्झॅक्शनच्या आत चालतच नाहीत, त्यामुळे तो पर्याय सरसकट लावा असे मी लिहायला नको होते. ते वाक्य मी बदलले आहे. मायएसक्यूएलचा क्लायंट ‘फोर्स’ (चूक झाली तरी पुढे जाण्याचा पर्याय) न दिल्यास पहिल्याच चुकीवर थांबतो, हेही आपण बरोबर सांगितले.

आता आपण दिलेल्या कमांडविषयी. तिच्यात पीएसक्यूएलचे आउटपुट पाइपमधून ‘टी’कडे (ते पडद्यावर दाखवून फाइलीतही लिहिणाऱ्या कमांडकडे) जाते, आणि बॅश हे शेल अशा वेळी शेवटच्या कमांडचा, म्हणजे ‘टी’चा, कोड धरते. तिथे स्क्रिप्टच्या आरंभी ‘पाइपफेल’ (पाइपमधली कोणतीही कमांड फसली तर तिचा कोड धरण्याचा पर्याय) चालू केले नाही, तर पीएसक्यूएलने ३ परत करूनही आपल्याला ०च दिसेल.