रँक पुश करणाऱ्या आपल्या पोट्ट्यांसाठी

परवा रात्री साडेअकराला माझा भाचा ओसरीत मोबाईल धरून रडत होता. दहावीत आहे. बीजीएमआय या मोबाईलवरच्या बंदुकीच्या खेळात गाडीत बसून झोनकडे, म्हणजे जिवंत राहायच्या वर्तुळाकडे, निघाला होता, तेवढ्यात गावातली लाईन गेली आणि टॉवरही बसला. नेटवर्क परत आलं तोवर कोणीतरी याला मारून पुढं गेलेलं, आणि खाली मायनस, म्हणजे रँकचे पॉइंट कमी. एका रात्रीत असं तीनदा झालं. "मामा, क्राऊनहून खाली डायमंडात आलो ना मी. आठ दिवसांची मेहनत गेली." आतून आजीचा आवाज, "फेक थो डबडा नालीत!"

मला दोघांचंही दुःख कळतं. मी २०१८ पासून हा खेळ खेळतो. २०२० च्या सप्टेंबरात पब्जी बंद झाला, २०२१ च्या जुलैत त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय आला, वर्षभरात तोही ॲप स्टोअरमधून गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. या सगळ्यात आपल्या आर्णी-दिग्रसकडच्या पोट्ट्यांच्या तोंडी एकच प्रश्न कायम राहिला : तुझी रँक काय? त्या रँकमध्ये नेमकं काय मोजलं जातं, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून एवढं लांब लिहितोय.

आपल्याकडचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत घ्या. जोडी सुटते, घड्याळ चालू होतं, सेकंदाच्या तुकड्यावर निकाल लागतो. बाजूच्या दाणीवर कोणती जोडी आहे याच्याशी त्या वेळेचा संबंध नाही. बुद्धिबळाचं वेगळं आहे. तिथं समोर कोण बसलाय यावर सगळं ठरतं. अर्पाद एलो नावाच्या प्राध्यापकानं रेटिंगची ही पद्धत बसवली आणि जागतिक संघटनेनं ती १९७० मध्ये घेतली. दोघांत दोनशे गुणांचा फरक असेल, तर वरच्यानं शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत असं ती धरून चालते. मग वरचा जिंकला तर त्याला थोडंसंच मिळतं, हरला तर भरपूर जातं. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीसमोर बसली तेव्हा हम्पीचं रेटिंग वरचं होतं. दिव्यानं तिला हरवलं. त्या आकड्याला अर्थ आहे, कारण तो समोरच्याला तोलून घेतो.

बंदुकीच्या बऱ्याच ऑनलाईन खेळांच्या पोटात हीच कल्पना आहे. व्हॅलोरंटमध्ये तर दोन आकडे असतात. एक सगळ्यांना दिसणारा बिल्ला, दुसरा लपवलेला, जो तुमची खरी ताकद अंदाजतो आणि त्यावरून तुमच्या तोडीचे खेळाडू शोधतो. लपलेला आकडा बिल्ल्याच्या वर असेल तर जिंकल्यावर जास्त मिळतं आणि हरल्यावर कमी जातं.

आता बीजीएमआयची शिडी पाहा. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राऊन. प्रत्येकात पाच पायऱ्या. ४२०० ला ॲस लागतो, ४७०० ला ॲस मास्टर, ५२०० ला ॲस डॉमिनेटर. सर्वात वर कॉन्करर, म्हणजे एकेका मोडमधले, खेळण्याच्या प्रकारातले, पहिले ५००. पॉइंट किलचे, म्हणजे किती जणांना मारलं त्याचे, मिळतात आणि किती वेळ टिकलात त्याचेही, आणि टिकण्याचा वाटा मोठा आहे. सुरुवातीच्या लॉबीत, म्हणजे रँकच्या रोजच्या मॅचमध्ये, बॉट (कॉम्प्युटरच चालवतो असे खेळाडू) भरपूर, त्यामुळे वर चढणं सोपं. वर गेलं की प्लस लहान होत जातं आणि लवकर मेलं की मायनस मोठं बसतं.

यातून काय घडतं ते खेळणाऱ्या प्रत्येकानं पाहिलंय. पोट्टे गवतात लोळून पडतात. स्नेक! गोळी झाडायची नाही, भिडायचं नाही, बाकीचे एकमेकांना मारेपर्यंत पडून राहायचं. एका मॅचला अर्धा तास. रात्रीत दहा मॅच केल्या की रँक हळूहळू चढते. मी स्वतः एका सीझनला असंच करून ॲसला पोचलो होतो, आणि त्या दोन महिन्यांत माझा नेमही सुधारला नाही आणि रिकॉइल, म्हणजे गोळी झाडताना उडणारी बंदूक धरणंही नाही. ती रँक म्हणजे माझा हजेरीपट होता. सीझन संपला, पॉइंट खाली आले आणि हजेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

स्पर्धेत हे चालत नाही, आणि ही गोष्ट आपल्या पोट्ट्यांनी नीट वाचावी. १६ टीमच्या सामन्यात पहिल्या टीमला १०, मग ६, ५, ४, ३, २, सातव्या-आठव्याला एकेक, आणि नवव्यापासून खाली शून्य. प्रत्येक किलला १. गवतात पडून नववा नंबर काढला तर हाती काहीच नाही. सात जणांना मारून तेराव्या नंबरला मेलेली टीम ७ पॉइंट घेऊन जाते. म्हणजे लॉबीत जी सवय पुरस्कार देते, तीच स्पर्धेत बुडवते.

त्यात आपली अडचण निराळीच. शहरातल्या पोराकडं घरात फायबर, हातात ९० एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवणारा फोन. आपल्याकडं टॉवरची एक काडी, पिंग दोनशेच्या वर, आणि फोन असा तापतो की पावसाळ्यातही हात पोळतो. पिंग दोनशे म्हणजे आपलं बोट दाबलेलं सर्व्हरला कळून उत्तर परत यायला सेकंदाचा पाचवा भाग. तेवढ्यात समोरचा भिंतीआड गेलेला असतो. आपला मायनस हा कितीदा तरी टॉवरचा मायनस असतो. त्यावरून स्वतःला कच्चं समजून पोट्टं रात्रभर जागतं, आणि सकाळी शाळेत डोळे लाल. माझा जीव तिथं तुटतो. आजीसारखा फोन नालीत फेकूनही हे सुटत नाही, कारण तिला वाटतं पोरगा नुसता टाइमपास करतोय आणि त्याला वाटतं आपण काहीतरी कमावत होतो.

म्हणून रविवारी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात कस्टम रूम, म्हणजे आपली स्वतःची वेगळी मॅच, लावली. आजूबाजूच्या गावांतून आठ टीम आल्या, बत्तीस जण. सगळे एकाच टॉवरखाली, म्हणजे नेटवर्कची तक्रार सगळ्यांची सारखीच. वर लिहिलेलं स्पर्धेचंच कोष्टक धरलं, वहीत आकडे मांडले, तीन मॅच खेळलो. माझ्या भाच्याच्या टीमला पहिल्या मॅचमध्ये एकच किल मिळाला. पहिला आलेल्या टीममधला एक पोट्टा गोल्डमध्ये आहे. दिवसभर वावरात असतो, रात्री दोनच मॅच खेळतो, पण त्या दोन भिडून खेळतो. भाचा जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसला. "सिक्स एक्स स्कोपचा रिकॉइल कसा धरतं बे तू?" अर्धा तास दोघं ट्रेनिंग ग्राउंडवर भिंतीला गोळ्या मारत होते. मग रँकचा विषय कोणी काढला नाही.

पुढची रूम सोयाबीन निघाल्यावर लावतो. दुपारीच, म्हणजे लाईन गेली तरी उजेड असतो. दहावी-बारावीवाल्यांनी घरी सांगून यायचं, मी स्वतः तुमच्या आईशी बोलीन. फोन पूर्ण चार्ज करून आणा. टीम असेल तर खाली गावाचं नाव लिहा, नसेल तर एकटे या, आम्ही टीम लावून देतो.